हुकूमशाहीविरोधी प्रचाराचा अभ्यास: नागपुरात बसून तो नीट कसा करावा

मार्च 1977 मध्ये आणीबाणी लागू झाल्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक झाली. काँग्रेस 154 जागांवर आली, इंदिरा गांधी रायबरेलीत 55 हजारांवर मतांनी पडल्या, आणि नागपुरातून मात्र काँग्रेसचेच गेव्ह आवारी निवडून आले. जनता पक्षाने ‘लोकशाही की हुकूमशाही’ हा प्रश्न देशभर विचारला होता. उत्तर जागोजागी वेगळं आलं. या विषयावर लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याने परदेशातलं उदाहरण शोधत बसायचं कारण नाही. कोडं इथेच पडलेलं आहे, आणि त्याची कागदपत्रंही बऱ्याच अंशी इथेच आहेत.

कामाला लागण्याआधी एक भेद मनात पक्का करा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. प्रचाराने माणसाचं मत बदलू शकतं. किंवा मत आधीपासून असतं, पण ते बोलायचा धीर येतो. लोकशाहीत नेहमीच्या निवडणुकीचा अभ्यास करताना या दोन गोष्टी एकत्र मोजल्या तरी फारसं बिघडत नाही. दडपशाहीत सगळं बिघडतं, कारण तिथे लोक मनात एक ठेवून तोंडाने दुसरं बोलतात. चिलीत 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात हुकूमशहा पिनोशेविरोधी ‘नो’ला जवळपास 56 टक्के मतं पडली. त्याआधी 27 रात्री दोन्ही बाजूंना टीव्हीवर रोज पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली होती. विरोधकांच्या कार्यक्रमात इंद्रधनुष्य होतं, हसरे चेहरे होते, आणि ‘न घाबरता मत द्या’ हे पुन्हा पुन्हा सांगितलेलं होतं. पिनोशे वाईट आहे हे पटवण्यापेक्षा भीती उतरवण्यावर मेहनत जास्त होती. तुमच्या प्रश्नावलीत मताचा प्रश्न आणि धीराचा प्रश्न वेगळा नसेल, तर असा प्रचार तुमच्या आकड्यांत दिसणारच नाही.

प्रश्न लहान करा

‘हुकूमशाहीविरोधी प्रचार किती प्रभावी ठरतो?’ हा प्रश्न मार्गदर्शकांना आवडेल, पण त्याला उत्तर नाही. ‘18 जानेवारी ते 20 मार्च 1977 या काळात नागपूरच्या दोन मराठी दैनिकांत विरोधी पक्षांच्या मजकुरात स्वातंत्र्याची भाषा किती होती आणि भाकरीची किती?’ याला उत्तर आहे. निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे हे 62 दिवस. दोन दैनिकं म्हणजे 124 अंक. दोघांनी मिळून तीन-चार महिन्यांत होण्यासारखं काम आहे.

फक्त जिंकलेल्या चळवळी निवडू नका. चिली 1988 आणि मिलोशेविचना पाडणारं सर्बिया 2000 वाचून ‘आशेचा संदेश चालतो’ असं लिहायचा मोह होतो. आशेचा संदेश हरलेल्या ठिकाणीही होता. बेलारूसमध्ये 2020 साली उत्साह, रंग, गाणी, प्रचंड मोर्चे सगळं होतं, आणि अध्यक्ष लुकाशेंको खुर्चीवर राहिले. हरलेलं एक तरी उदाहरण शेजारी ठेवल्याशिवाय संदेशाला श्रेय देता येत नाही. नागपूरची 1977 ची निवडणूक म्हणूनच मोलाची आहे.

जुन्या फायली

सिताबर्डी, महाल, धरमपेठ भागातली जुनी वाचनालयं, विद्यापीठाचं ग्रंथालय, दैनिकांची स्वतःची संदर्भदालनं आणि पुराभिलेखागाराची नागपूर शाखा अशा क्रमाने फिरा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र दोन प्रतींत न्या. एक प्रत तिथे राहते. बांधीव फाईल झेरॉक्सवर उलटी दाबू नका. 1970 च्या दशकातला वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, घडीवर तुटतो. मोबाईल स्टँडला लावा, प्रत्येक पानाचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवा. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस-दैनिक-पान याच क्रमात द्या, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप तारखेप्रमाणे लावतो. हे रोज संध्याकाळी करा. आठवड्याचे फोटो साठले की कोणतं पान कोणत्या अंकाचं हे कुणालाच सांगता येत नाही.

आणीबाणीचे सगळे एकवीस महिने घ्यायचे असतील तर प्रत्येक अंक वाचणं शक्य नाही. रचित आठवडा वापरा: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने एक, सगळ्या मंगळवारांतून एक, असे सात. दैनिकासाठी वर्षाला असे दोन आठवडे साधारण पुरतात. सरळ दर सातवा अंक घेण्यापेक्षा हे बरं, कारण रविवारच्या पुरवणीचं आणि सोमवारच्या बारीक अंकाचं वजन सारखं राहतं.

सेन्सॉरशिपचा काळ वाचताना कोऱ्या जागेचीही नोंद करा. 28 जून 1975 ला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा रिकामी सोडली होती. तो मजकूरच होता. उलट एखाद्या विषयावर ओळही नाही, याचा अर्थ लोक त्यावर बोलत नव्हते असा होत नाही. जानेवारी 1977 नंतर बंधनं सैल झाली आणि विरोधी मजकूर एकदम वाढला. हा वाढीचा आलेख प्रचाराचा म्हणून छापू नका. त्यात मोठा वाटा सेन्सॉरच्या पेन्सिलीचा आहे.

ओसीआरवर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भरवसा ठेवताना जपा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, जोडाक्षरं तुटतात. मथळे हाताने टाइप करा. 124 अंकांचे राजकीय मथळे दोघांत दोन आठवड्यांचं काम आहे. शोध घेताना मराठीचं सामान्यरूप विसरलात तर निम्मे शब्द निसटतात. ‘निवडणूक’ शोधलं तर ‘निवडणुकीत’ सापडत नाही, कारण दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. ‘सत्ता’ शोधलं तर ‘सत्तेचा’ सापडत नाही. म्हणून ‘निवडण’, ‘सत्त’, ‘हुक’ असे तुकडे शोधा आणि नको ते हाताने गाळा. ‘हुकूमशाही’ आणि ‘हुकुमशाही’, ‘आणीबाणी’ आणि ‘आणिबाणी’ ही दोन्ही लेखनं त्या काळात छापलेली आढळतील.

कोडबुक

मजकुराचा घटक आधी ठरवा: एक बातमी, एक परिच्छेद की एक वाक्य. भाषणांच्या बातम्यांसाठी परिच्छेद बरा, कारण वार्ताहर एका परिच्छेदात सहसा एक मुद्दा देतो. मग खाती, म्हणजे ज्यांत मजकूर वाटायचा ते विषय. स्वातंत्र्य, भाकरी, कायदा आणि घटना, नेत्याची व्यक्ती, भीती, पुढच्या दिवसांचं चांगलं चित्र, ‘आपण पुष्कळ आहोत’, आणि थेट कृतीचं आवाहन. आठ पुरतात. बारा-पंधरा केलीत की दोन वाचकांचं जमत नाही.

खात्यांइतकेच महत्त्वाचे आणखी तीन रकाने ठेवा: कोण बोललं, कोणी पसरवलं, कोणासाठी. ते का लागतात हे नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या पवनारच्या एका शब्दातून कळतं. विनोबा भावे मौनात होते. त्यांनी आणीबाणीबद्दल ‘अनुशासन पर्व’ असं लिहून दिलं. सरकारने तो शब्द उचलला आणि फलकांवर रंगवला. आणीबाणीला संताचा आशीर्वाद मिळाला असं चित्र उभं राहिलं. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की सत्तेचं असतं ते शासन, आणि आचार्यांचं असतं ते अनुशासन. आता तुमच्या फोटोत ‘अनुशासन पर्व’ हा मथळा आला. तो सत्तेच्या बाजूचा की विरुद्ध? शब्दावरून ठरत नाही. सरकारी जाहिरातीत तो एका खात्यात जातो, खुलाशाच्या बातमीत दुसऱ्या. नुसती शब्दमोजणी करणारं सॉफ्टवेअर इथे दोन्ही एकाच ढिगात टाकतं, आणि तक्ता सुबक दिसतो.

दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता, किमान दहा टक्के मजकूर वाचून कोड करा, म्हणजे खात्यांत टाका. मग जुळणी तपासा, पण टक्केवारीने नाही. उदाहरण करून बघा. 100 परिच्छेद. ‘आपण पुष्कळ आहोत’ हे खातं पहिल्याने 6 ठिकाणी लावलं, दुसऱ्यानेही 6 ठिकाणी, पण दोघांचं एकमत फक्त 2 ठिकाणी झालं. 90 परिच्छेदांत दोघांनीही ‘नाही’ म्हटलंय, म्हणून टक्केवारी 92 येते. क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे योगायोगाने होणारं एकमत वगळून जुळणी मोजणारा आकडा, काढला तर तो 0.29 येतो. म्हणजे या खात्याबाबत दोघं जवळपास अंदाजाने चाललेत. 0.80 च्या वर असेल तर निर्धास्त वापरा, 0.67 ते 0.80 असेल तर सावध शब्दांत, त्याखाली असेल तर खात्याची व्याख्या पुन्हा लिहा आणि नवीन मजकुरावर पुन्हा तपासा. जुन्याच परिच्छेदांवर पुन्हा जुळवून घेणं म्हणजे उत्तर पाहून पेपर सोडवणं.

आठवणी विचारताना

1975 साली अठरा वर्षांची असलेली माणसं 1957 ची. आता घाई केली पाहिजे. पण मुलाखतीत ‘तुम्हाला आणीबाणीबद्दल काय वाटत होतं?’ असं विचारू नका. मधल्या पन्नास वर्षांत जे वाटत गेलं ते उत्तर येईल. वस्तूपासून सुरुवात करा. घरी कोणतं वर्तमानपत्र येत होतं? पहिलं पत्रक कुणाच्या हातून आलं? ते वाचून कुठे ठेवलं, जाळलं की पुढे दिलं? पत्रक पुढे देणं हा धीराचा पुरावा आहे, आणि तो माणसाला नीट आठवतो.

मिसाबंदींच्या, म्हणजे आणीबाणीत मिसा कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांच्या, मुलाखतींत आणखी एक गोष्ट सांभाळा. राज्य सरकारने 2018 मध्ये त्यांना मासिक मानधन सुरू केलं, 2020 मध्ये ते बंद झालं, 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यासाठी अर्ज, कारावासाचे दिवस, दाखले हे सगळं लिहून द्यावं लागलं. त्यामुळे अनेकांची हकीकत अर्जाच्या साच्यात बसलेली असते: अटकेची तारीख, तुरुंग, सुटकेची तारीख. ती खरी असते, पण तुम्हाला हवं ते तिच्या बाहेर आहे. घरातल्या बाईंना वेगळं विचारा. भूमिगत पत्रकं, निरोप, डबे यांची वाट त्यांच्या हातून गेलेली असते, आणि त्यांनी सहसा कुठला अर्ज भरलेला नसतो.

आजच्या लोकांवर संदेश तपासणं

इथे प्रयोग येतो: चिठ्ठीने लोकांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळा मजकूर वाचायला द्यायचा, मग सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. गट घरांच्या क्रमाने पाडू नका. कोबोसारख्या सर्व्हेच्या मोफत ॲपला गट ठरवू द्या, किंवा बंद पाकिटं पिसून न्या.

मजकूर लिहिताना बहुतेकांची चूक होते ती अशी. समजा एक संदेश हा आहे: ‘कोर्टाचा निकाल सगळ्यांना सारखा, सरकारलाही आणि आपल्यालाही. असं मानणारी माणसं आपल्या गल्लीतच पुष्कळ आहेत.’ वाचायला छान आहे, प्रयोगाला निकामी. पहिलं वाक्य तत्त्व सांगतं, दुसरं संख्या. फरक पडला तर कशाने पडला? दोन वाक्यांचे दोन वेगळे गट करा, आणि तिसऱ्या गटाला तेवढ्याच शब्दांचा बिनराजकीय मजकूर द्या, उदाहरणार्थ वाचनालयाच्या वेळांची माहिती. शिवाय ‘पुष्कळ आहेत’ हे तुम्ही मोजलंय का? मोजलं नसेल तर तुम्ही लोकांना खोटं सांगताय. आधी पायलट सर्व्हे घ्या आणि त्यात आलेला खरा आकडा लिहा.

संदेश कोणाच्या तोंडी घालता हेही वेगळं तपासावं लागतं. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत दिला. दीक्षाभूमीच्या शहरात हा विचार त्यांच्या नावाने दिला तर परिणाम नावाचा की विचाराचा हे कळणार नाही. अर्ध्या लोकांना नावासह द्या, अर्ध्यांना नावाशिवाय. आणि निकाल इंदोऱ्यासारख्या आंबेडकरी वस्तीत आणि धरमपेठेत वेगवेगळा मांडा.

‘लोकशाही चांगली की वाईट?’ हा प्रश्न विचारून वेळ घालवू नका. सगळे चांगली म्हणतात, आणि त्यातलेच पुष्कळ जण खंबीर एकट्या नेत्याचा कारभारही चांगला म्हणतात. ठोस प्रसंग द्या: आवडत्या पक्षाच्या काल्पनिक उमेदवाराने कोर्टाचा निकाल धुडकावला, तरी मत द्याल का? अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात दिसलं की लोकशाहीसाठी स्वतःच्या पक्षाचा उमेदवार सोडणारे मतदार थोडेच असतात. खऱ्या पक्षांची, नेत्यांची नावं प्रयोगात घालू नका; उत्तर संदेशाचं न येता निष्ठेचं येतं.

धीर मोजायला पायऱ्या करा. ‘हे मत तुम्ही घरात बोलाल का? शेजाऱ्याजवळ? पानठेल्यावर? कामाच्या ठिकाणी? मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर?’ प्रत्येकाला हो किंवा नाही. मत जैसे थे आणि दोन पायऱ्या वर, असा निकाल आला तर तो या विषयातला खरा निकाल आहे. शेवटी राज्यघटनेच्या उद्देशिकेची दोन रूपं ठेवा: घरात ठेवायचं कार्ड आणि दारावर लावायचं स्टिकर. ज्याला जे हवं ते त्याने बंद डब्यातून स्वतः घ्यावं, तुम्ही पाहू नये. संध्याकाळी उरलेले मोजा. तोंडी उत्तरापेक्षा हा पुरावा जड आहे. मात्र दर गटाचा डबा वेगळा हवा.

अगदी नाजूक प्रश्नाला यादीची पद्धत वापरा. एका गटाला चार विधानं, दुसऱ्याला तीच चार अधिक नाजूक पाचवं. ‘यातली किती पटतात’ एवढाच आकडा सांगायचा, कोणती ते नाही. सरासरी 2.1 आणि 2.4 आली तर साधारण 30 टक्क्यांना पाचवं पटतं. पण दर गटात 400 माणसं असूनही हा आकडा 14 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणून पूर्ण प्रबंध या एका प्रश्नावर उभा करू नका. चार साधी विधानं अशी निवडा की सगळी पटणारा किंवा एकही न पटणारा माणूस विरळा असेल, नाहीतर आकड्यावरूनच त्याचं गुपित उघडं पडतं.

किती माणसं लागतील? 50 टक्के आणि 60 टक्के यातला फरक पकडायला दर गटात 390 च्या आसपास. हे एकेकटी माणसं निवडली तर. वस्त्या निवडून दर वस्तीत 20 घरं घेतलीत, आणि एका वस्तीतली माणसं थोडी सारखी असली, तर संख्या जवळपास दुप्पट लागते. 10 घरं घेतलीत तर दीडपटीच्या आत भागतं. फिरणं वाढतं, पण वस्त्या जास्त आणि घरं कमी हाच मार्ग धरा.

नागपुरात सर्व्हेची वेळ हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मे मध्ये अकरा ते पाच दार कोणी उघडत नाही आणि सर्व्हे करणारी मुलंही उन्हाने आडवी होतात. सकाळी सात ते दहा धरा. दसरा आणि 14 ऑक्टोबरचे (धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे) आठवडे सोडा. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चे, बॅरिकेड, बंदोबस्त यांनी शहर राजकारणाने भरलेलं असतं, उत्तरं सरकतात. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी उत्तम, निवडणुकीची आचारसंहिता नसेल तर. निवडणुकीच्या तोंडावर असा प्रयोग करूच नका. तुमचा मजकूर प्रचार ठरतो.

विचारणाऱ्याच्या ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव लिहा. आडनाव वाचलं की समोरचा माणूस जात ओळखतो आणि उत्तर बेतून देतो. कोणत्या मुलाने कोणती वस्ती करायची तेही चिठ्ठीने ठरवा. उत्तर देताना सासू, नवरा किंवा शेजारी जवळ होते का, याचा रकाना फॉर्ममध्ये हवाच. शक्य तिथे टॅब हातात देऊन नाजूक पान त्यांना स्वतः भरू द्या.

काय उलटतं

भीतीचा मजकूर उलटतो. झिंबाब्वेतल्या विरोधी समर्थकांवर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भीतीची भावना जागी केल्यावर लोक विरोध व्यक्त करायला कचरले. दडपशाहीचे फोटो दाखवून लोक पेटतील हे गृहीत धरू नका.

‘आपण पुष्कळ आहोत’ हेही नेहमी चालत नाही. हाँगकाँगमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे सहाध्यायी मोर्चाला वाटलं त्यापेक्षा जास्त संख्येने जाणार आहेत, तेव्हा जाणारे घटले. पुष्कळ जण आहेत तर माझ्यावाचून अडत नाही, असा हिशेब झाला. मत तेच असूनही पाऊल थांबू शकतं. एकच प्रश्न विचारलात तर हे दिसणारच नाही.

आणि एक उलटा परिणाम तुमच्या तक्त्यात होतो. वीस तुलना केल्यात तर काहीही घडलेलं नसताना एखादी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता मोठी असते. म्हणून कोणते दोन-तीन फरक तपासणार हे सर्व्हेआधी ओएसएफ या संशोधनाचा आराखडा नोंदवण्याच्या वेबसाइटवर तारखेसह नोंदवा. बाकीचं वेगळ्या तक्त्यात, ‘आधी न ठरवलेले’ अशा मथळ्याखाली द्या.

लोकांची सुरक्षितता

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी पहिला फॉर्म भरण्याआधी घ्या, नंतर नाही. फॉर्मवर नाव, घर क्रमांक, फोन काहीच नको; वस्तीचा सांकेतिक आकडा पुरे. सरकारी नोकरीत असलेल्याला कार्यालय विचारू नका, सेवानियमांत तो अडचणीत येऊ शकतो. मुलाखतीची ध्वनिफीत त्याच दिवशी पासवर्ड लावलेल्या डिस्कवर हलवा आणि फोनमधून पुसा. व्हॉट्सॲपवर डेटा फाईल एकमेकांना पाठवण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडा. संमती घेताना ‘कधीही थांबू शकता’ हे वाक्य तोंडी, त्यांच्या भाषेत सांगा; मोमीनपुऱ्यात उर्दूमिश्रित हिंदीत, जरीपटक्यात हिंदीत, पारडीत वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. कुणी मध्येच थांबलं तर उरलेला फॉर्म रिकामाच ठेवा. कोणत्या प्रश्नाला किती जण थांबले याची बेरीज मात्र अहवालात द्या. भीती कोणत्या प्रश्नापाशी आहे ते त्यावरून कळतं.